तिरक्या दुमडीसमोरचा घोट

टाचणीआत्याला झटका आला तो एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, बँडवाल्याच्या लाल कोटाला कच्चा टाका घालताना. सुई हातातून पडली. कारखान्यातल्या बायका मशिनं थांबवून धावल्या, कारण आत्याच्या हातून सुई पडलेली सेहेचाळीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. गणवेशांचा तो कारखाना एका छापखान्याच्या वर होता. खालून शाईचा वास यायचा, वर धाग्यांचे तुकडे उडायचे, आणि मधला जिना इतका अरुंद की आत्याला खुर्चीतून खाली नेणाऱ्या दोघांपैकी एकाला उलटं चालावं लागलं. त्याही अवस्थेत ती वाकड्या तोंडाने आपल्याला "बटण लाव" असं म्हणाली, हे तो पुढे कित्येक वर्षं शपथेवर सांगायचा.

आत्या खरं म्हणजे फक्त भावाच्या दोन मुलींची. पण त्या दोघी लहानपणी शाळा सुटली की कारखान्यात येऊन बसायच्या, "आत्या, आत्या" करायच्या, आणि हळूहळू कारखाना, छापखाना, कापडाचे गठ्ठे आणणारा हमाल, सगळेच तिला आत्या म्हणायला लागले. ‘टाचणी’ मागाहून चिकटलं. अंगाने बारीक, डोक्यावर घट्ट गोल अंबाडा, आणि बोलणं असं की टोचल्याशिवाय राहायचं नाही. लग्न केलं नव्हतं. "माप घ्यायला टेप काढला की प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो," ती म्हणायची. "पहिल्या भेटीतच जो खोटं बोलतो, त्याच्याशी लग्न कोण करणार?"

इस्पितळात तिचा उजवा हात आठवड्याभरात परतला. जीभ तर तिसऱ्याच दिवशी परतली आणि येताना दुप्पट जोर घेऊन आली. गिळणं मात्र परतलं नाही. चमचाभर पाणी दिलं तरी ते वाट चुकून श्वासनळीत जायचं आणि आत्या खोकून खोकून लाल व्हायची. शेवटी नाकातून एक बारीक नळी थेट पोटात सोडली आणि दिवसातून सहा वेळा तिच्यातून करड्या रंगाचं पातळसं काहीतरी ओतलं जाऊ लागलं.

"जेवलीस का गं ताई?" धाकटी यायची आणि विचारायची. धाकटी म्हणजे आत्याची बहीण. दोघी एकाच घरात राहायच्या. साठ वर्षांची झाली तरी ती सगळ्या जगाची धाकटीच होती.

"मी नाही जेवले. नाक जेवलं," आत्या म्हणायची. "मला कुणी विचारतंय का?"

माणूस दिवसातून शेकडो वेळा गिळतो आणि एकदाही त्याची आठवण ठेवत नाही. आत्याला आता दुसरं काही आठवतच नव्हतं. भेटायला येणारा प्रत्येक जण बोलता बोलता आवंढा गिळायचा आणि आत्या त्याच्या गळ्याकडे बघत बसायची, श्रीमंताच्या गळ्यातल्या हाराकडे बघावं तशी.

पाच आठवडे झाले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवर येऊन बसल्या. अंगाने जाड, चालायला झपझप, बोलायला सरळ.

"नाकातली नळी कायमची ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी दोन आठवडे प्रयत्न करू. मग शुक्रवारी एक्स-रेखाली परीक्षा. पांढऱ्या औषधाचे तीन घोट नीट खाली गेले की नळी काढून टाकू. नाही गेले, तर सोमवारी पोटाला एक छोटंसं भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल. घाबरण्यासारखं काही नाही हं, आजी."

"पहिली गोष्ट, मी कुणाची आजी नाही," आत्या म्हणाली. "आणि दुसरी. जन्मभर मी दुसऱ्यांच्या कपड्यांना काजं केली. माझ्या अंगाला कुणी काज पाडलेलं मला चालणार नाही."

डॉक्टरीणबाई हसत हसत गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर आत्याने धाकटीचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"धाकटे, मला तोंडाने जेवायचंय गं."

"जेवशील की."

"पोटाच्या भोकातून नाही. तोंडाने. चव घेऊन, नावं ठेवून."

"नावं तर तू आत्ताही ठेवतेस," धाकटी म्हणाली, पण तिचा आवाज ओला झाला होता, आणि आत्याने मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघींना चौथ्या मजल्यावर पाठवलं. लांबलचक बोळाच्या टोकाला, जिथे पूर्वी चाकांच्या खुर्च्यांचे मोडके भाग ठेवत, तिथे एक नवं यंत्र आलं होतं. आता ही यंत्रं बरीच आटोपशीर झालीत म्हणतात. तेव्हाचं ते कपाटाएवढं होतं, खाली चाकं, आणि जाड केबलच्या टोकाला आठाच्या आकड्यासारखी एकमेकींना चिकटलेली दोन वेटोळी. ते सांभाळणारे गृहस्थ पंचावन्नच्या पुढचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. भरघोस मिशा आणि चेहरा असा गंभीर की आपण कुणाच्या दुखवट्याला आलोय की काय असं वाटावं. धाकटीने त्यांना पाहताक्षणी ‘चुंबकराव’ करून टाकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळा मजला त्यांना चुंबकराव म्हणत होता.

"गिळण्याचा कारभार मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "पण एक बाजू थोरली असते, दुसरी धाकटी. तुमच्या थोरलीला मार बसलाय. आम्ही धाकटीला जागं करणार. बाहेरून, कवटीवरून, चुंबकाचे ठोके देऊन. कापणं नाही, टोचणं नाही, भूल नाही. काही जणांना गुण येतो, काही जणांना नाही. पण करून बघण्यासारखं आहे."

"ऐकलंस ना ताई?" धाकटीने मान ताठ केली. "शेवटी कामाला कोण येतं?"

"डोक्यावर ठोके घातल्याशिवाय येत नाही, तेही ऐकलं."

चुंबकरावांनी एक पत्र्याची नव्हे, पुठ्ठ्याची पेटी पुढे केली. "अंगावर धातू चालत नाही. असेल ते काढून ठेवा."

आत्याने कॉलरच्या मागून तीन टाचण्या काढल्या. मग डाव्या बाहीच्या दुमडीतून दोन. खिशाच्या कडेतून चार.

"झालं?"

"झालं."

"नक्की?"

आत्याने जरा आठवून उजव्या बाहीतून आणखी दोन काढल्या, एक सेफ्टी पिन काढली आणि अंबाड्यातून एक सुई ओढली. सुईत पांढरा दोरा ओवलेला होता.

"पाच आठवडे तुम्ही इस्पितळाच्या कपड्यांत आहात," चुंबकराव म्हणाले. "हे सगळं आलं कुठून?"

"परिचारिका येतात ना भेटायला," आत्या म्हणाली. "आल्या की मागते एकेक. माणसाला सोबत नको का?"

मग तिच्या डोक्यावर चौकटी आखलेली कापडी टोपी चढवली. "दीड बोट डावीकडे सरकलीये," आत्या म्हणाली. चुंबकरावांनी फूटपट्टी लावली. दीड बोटच होती. हनुवटीखाली दोन चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या तारा एका पडद्याला जोडल्या, आणि ते तिच्या मागे उभे राहून चौकटीचौकटीवर वेटोळं धरत जागा शोधू लागले.

टक्.

आत्याचा डावा अंगठा टुणकन उडाला.

"अगं बाई! मी नाही हं केलं!"

टक्. पुन्हा अंगठा. धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. "ताई, हा तुला आतून सलाम करतोय."

"जरा पुढे सरकतो," चुंबकराव गंभीरपणे म्हणाले. टक्, ओठाचा कोपरा उडाला. टक्, डाव्या गालाने डोळा मारल्यासारखं केलं. धाकटीला आता हसू आवरेना, आत्याला तर मुळीच आवरेना, आणि दोघी हसल्या की पडद्यावरच्या रेषा वेड्यासारख्या नाचायच्या. चुंबकराव वेटोळं हातात धरून, दोघींचं हसू संपायची वाट बघत, रस्त्यावरचा लाल दिवा बघावा तसे उभे राहायचे. शेवटी वेटोळं जरासं खाली आणलं आणि टक् झालं, तेव्हा आत्या एकदम गप्प झाली.

"काय झालं?"

"आत कुणीतरी कडी वाजवली," आत्या म्हणाली आणि गळ्याला हात लावला. पडद्यावर एक लहानशी टेकडी उठली होती.

तिथे खूण केली. रोज दहा मिनिटं ठोके, आणि लगेच शेजारच्या खोलीत अर्धा तास सराव. सराव घ्यायला एक घासवाली बाई होती. तिचं कामच मुळी लोकांना पुन्हा गिळायला शिकवायचं. हसरी, छोटी, दिवसभर हातात चमचा. पावडर घालून घट्ट केलेलं पाणी ती चमच्याने द्यायची. "हनुवटी छातीकडे. ओठ बंद. आता मन लावून गिळा." तीन दिवस नुसता खोकला. चौथ्या दिवशी चमचा आत गेला, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, आणि खोकला आलाच नाही.  मग घासवालीने टाळ्या वाजवल्या, धाकटी बोळात जाऊन दिसेल त्याला सांगत सुटली, आणि एका अनोळखी हाडमोड्या पेशंटने कुबडी वर करून अभिनंदन केलं.

सातव्या दिवशी दहा चमचे गेले. आठव्या दिवशी वीस. नवव्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, एक्स-रेच्या खोलीत रंगीत तालीम ठरली. घासवाली म्हणाली, "काही काळजी नको. आत्या पहिल्या नंबराने पास."

आत्याने पहिला घोट तोंडात घेतला आणि धरून ठेवला.

"गिळा," चुंबकराव म्हणाले. हनुवटीच्या पट्ट्यांची नोंद घ्यायची म्हणून पेला द्यायचं काम त्यांच्याकडे होतं.

आत्या गिळेना. ओठ गच्च, डोळे ताठ. मिनिटभराने घोट ओघळून अर्धा बाहेर आला, अर्धा भलत्याच वाटेने निघाला. खोकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. काचेमागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "पुरे. थांबा." त्या बाहेर आल्या तेव्हा नजर चुकवत होत्या. "शुक्रवारी पुन्हा बघू. पण सोमवारची वेळ मी घेऊन ठेवते."

घासवाली रडवेली झाली. "वीस चमचे गेले होते हो! माझ्या डोळ्यांसमोर!"

खाटेवर परतल्यावर आत्या भिंतीकडे तोंड करून पडली. धाकटीने पाच मिनिटं गप्प राहून बघितलं, ते तिला झेपलं नाही.

"तोंडात घेऊन बसलीस नुसती! गिळायला काय झालं होतं?"

"मला काय माहीत? गिळते गिळते म्हणत होते, गळा बंदच."

"मन कुठे होतं तुझं?"

"समोर."

"समोर काय होतं?"

"चुंबकराव. एक्स-रेपासून बचावाच्या त्या जड झग्याखालून त्यांचा कोट दिसत होता." आत्या भिंतीकडून हळूच वळली. "धाकटे, काय दुमड घातलीये गं त्या कोटाला! उजवीकडून दोन बोटं खाली. मधे भोवरा. तुरपाई आहे की उंदराने केलेला प्रवास? इतके दिवस ते मागे उभे असायचे, मला दिसलीच नव्हती. मी नुसती बघत…"

ती थांबली, कारण धाकटी उभी राहिली होती आणि तिने दोन्ही हात कपाळाला लावले होते. धाकटीने तरुणपणी दहा वर्षं त्याच कारखान्यात काजं-बटणं केली होती.

"ताई! टाचण्या!"

"कुठेत?"

"तोंडात!"

आत्याचा हात आपोआप ओठांकडे गेला, आणि मग तिलाही कळलं.

कारखान्याचा पहिला नियम तो होता. दुमड बसवताना टाचण्या ओठांत धरायच्या, सात किंवा आठ, डोकी बाहेर. आणि नजर कडेवर असेपर्यंत गिळायचं नाही. आवंढासुद्धा नाही. आत्या सोळा वर्षांची असताना तिच्या शेजारच्या मुलीने हसता हसता एक गिळली होती, आणि तीन दिवस सगळा कारखाना ती टाचणी बाहेर यायची वाट बघत बसला होता. आली, सुखरूप आली, पण त्या दिवसापासून आत्याच्या गळ्याला कुलूप बसलं. वाकडी कड दिसली की कुलूप. सरळ झाली की उघड. सेहेचाळीस वर्षं, दिवसातून पन्नास वेळा. ओठांत टाचणी असो नसो, गळ्याला काय कळतंय?

धाकटी धावत चौथ्या मजल्यावर गेली. लिफ्टची वाट बघायचं भानच राहिलं नाही तिला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "थांबा. हे तपासता येईल."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते बघायला निम्मा मजला दाराशी गोळा झाला. आत्याच्या डोक्यावर टोपी, हनुवटीखाली पट्ट्या. वेटोळं खुद्द डॉक्टरीणबाईंनी धरलं. चुंबकराव समोर नुसते उभे.

"कोट घालून." टक्. पडद्यावर रेषा जवळजवळ सपाट.

"कोट काढून." टक्. टेकडी.

"घाला." सपाट. "काढा." टेकडी. "पाठ फिरवून?" मागून कड आणखीच वाकडी होती, सपाटाच्याही खाली काही असतं तर रेषा तिथे गेली असती. चुंबकरावांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"हा कोट शिवला कुणी?" आत्याने विचारलं.

"कोट मिळाला तसाच आहे," चुंबकराव म्हणाले. "लांब होता. दुमड मी घातलीये. स्वतः." आणि कड चाचपत, "मला ती चांगली वाटली होती."

दारातली गर्दी इतकी हसली की परिचारिका दटावायला आली आणि काय झालं ते ऐकून तिथेच थांबली.

"मग सोपं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी यांनी कोट घालायचा नाही."

"उपयोग नाही," आत्या म्हणाली. "एकदा बघितलीये ती दुमड. आता डोळे मिटले तरी दिसते."

"आणि पुढे काय?" घासवाली पुढे झाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "घरी गेल्यावर? रस्त्यावर, दुकानात, शेजारी? सगळ्या जगाच्या दुमडी सरळ कोण करणार? त्यांना वाकडं बघत बघत गिळता आलं पाहिजे. दोन दिवस आहेत. मला हा कोट द्या. आतल्या माणसासकट."

ठोके संपताच त्यांनी कामाला सुरुवात केली. इस्पितळात वाकड्या कडांना तोटा नव्हता. स्वयंपाकघरातून एप्रन आले, धुलाईतून पडदे आले, एका शल्यविशारदांनी आपली विजार पाठवली आणि कुणाला सांगू नका म्हणून चिठ्ठी जोडली. आत्याच्या मनगटाला टाचण्यांची उशी बांधली. तोंडाजवळ टाचणी न्यायची नाही अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. ती मांडीवर कापड घेऊन बसली, मान आपोआप खाली गेली, आणि घासवाली ओरडलीच, "बघा, बघा! हनुवटी छातीला! मी लोकांना महिनाभर जे शिकवते ते ह्या सेहेचाळीस वर्षं करताहेत!"

हनुवटी बरोबर होती, पण गळ्याचं कुलूप उघडेना. चमचा ओठांशी आला की ओठ घट्ट मिटायचे. सकाळ गेली. तीन एप्रन सरळ झाले, एक थेंब आत गेला नाही. समोर चुंबकराव कोट घालून उभे, विज्ञानासाठी, म्हणाले.

धाकटी कोपऱ्यात बसून बघत होती. "ताई इतकी गप्प कधी असायची आठवतंय?" ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. "फक्त दुमड बसवताना. तेवढ्यापुरती शांतता असायची कारखान्यात. मालक मुद्दाम दुमडीची कामं आणायचा." आणि मग तिने मान वर केली. "बोल ना ताई! तोंडात काही नाहीये तुझ्या! त्या दुमडीबद्दल जे मनात आहे ते बोलून टाक!"

आत्याने चुंबकरावांकडे बघितलं. "वाईट वाटेल त्यांना."

"बोला," चुंबकराव छाती काढून म्हणाले.

"ही दुमड नाही," आत्या म्हणाली, "हा घाट आहे. वळणावर भोंगा वाजवायला हवा."

"आता!" घासवालीने चमचा पुढे केला. ओठ उघडेच होते. चमचा आत, हनुवटी खाली, घाटी वर, घाटी खाली.

 मग पडद्याकडे बघत डॉक्टरीणबाई ओरडल्या, "टेकडी! कोटासमोर टेकडी!"

मग काय विचारता. बुधवारची दुपार आणि अख्खा गुरुवार त्या खोलीत एक टोमणा, एक घोट, एक टोमणा, एक घोट चाललं होतं. "टाके इतके लांब की मधे विश्रांतीला बाकडं टाका." घोट. "दोरा काळा, कोट पांढरा, हिशेब कोणता लावला?" घोट. "कात्री वापरली की दात?" घोट. धाकटीला हसून उचकी लागली ती तासभर थांबेना. चुंबकराव आधी खजील, मग सरावलेले, आणि गुरुवारी दुपारी तर स्वतःच सुचवायला लागले. "खिशाकडे बघा," म्हणाले, "तोही मीच लावलाय." आत्याने खिसा बघितला आणि तिला शब्दच सुचेनात, तरी घोट गेला. विजार परत गेली तेव्हा शल्यविशारद स्वतः येऊन वाकून आभार मानून गेले. कोट सरळ करायला आत्याचे हात नुसते शिवशिवत होते, पण शुक्रवारपर्यंत त्याला हात लावायला सगळ्यांनीच बंदी घातली होती.

शुक्रवारी सकाळी मात्र कुणी हसत नव्हतं. एक्स-रेच्या खोलीत गार वारा होता, यंत्राची घरघर होती. काचेमागे डॉक्टरीणबाई, एक्स-रेवाले डॉक्टर आणि धाकटी. घासवाली दाराशी, हातात रिकामाच चमचा. आत्या उंच स्टुलावर, नाकात नळी, आणि समोर चुंबकराव, जड झग्याखालून दोन बोटं खाली आलेला उजवा कोपरा. त्यांच्या हातात पांढऱ्या औषधाचा पेला. 

आत्याने कोपऱ्याकडे बघितलं. गळ्यात कडी पडायला लागली, ओळखीची.

"डावी बाजू घरी निघाली," ती म्हणाली, "उजवी अजून कामावर आहे."

"बोलू नका," काचेमागून एक्स-रेवाले डॉक्टर म्हणाले.

"बोलू द्या," डॉक्टरीणबाई, घासवाली आणि धाकटी एका आवाजात म्हणाल्या.

पहिला घोट. पडद्यावर एक काळी रेघ जिभेवरून उतरली, वळणावर क्षणभर थबकली आणि सरळ खाली गेली.

"दुमड घालताना एका पायावर उभे होतात ना? खरं सांगा."

"हो," चुंबकराव म्हणाले. खरं की खोटं देव जाणे. दुसरा घोट. रेघ सरळ खाली.

तिसऱ्याच्या वेळी आत्याने तोंड उघडलं आणि तिला दिसलं की चुंबकरावांच्या कपाळावरून घाम मिशांत उतरतोय, पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरलाय, आणि ते स्वतःच तिच्याआधी आवंढा गिळताहेत, तिला दाखवल्यासारखा, लहान मुलाला भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसा. तिच्या जिभेवर एक चांगला टोमणा तयार होता. तो तिने सोडून दिला. त्या वाकड्या, भोवरा पडलेल्या, उंदराने चाललेल्या दुमडीकडे सरळ बघत, एकही शब्द न बोलता, तिने तिसरा घोट घेतला.

 काचेमागून डॉक्टरीणबाईंचा आवाज, "गेला. गेला! आत्या, गेला!"

धाकटीने एक्स-रेवाल्या डॉक्टरांना मिठी मारली, तेच तिला सगळ्यांत जवळ होते. घासवालीचा चमचा खाली पडला. कुणीतरी यंत्र बंद केलं, कुणीतरी दार उघडलं, सोमवार रद्द करा असं कुणीतरी बोळात ओरडलं. आत्या मात्र स्टुलावरच होती. तिने चुंबकरावांच्या हातातला पेला काढून घेतला होता आणि उरलेलं औषध पीत होती, हनुवटी छातीला लावून, एकेक घोट, सावकाश.

"आत्या, परीक्षा झाली!" डॉक्टरीणबाई धावत आल्या. "तीनच हवे होते. तो खडू आहे हो, ठेवा!"

आत्याने बोट वर करून त्यांना थांबवलं, शेवटचा घोट तोंडात फिरवला, गिळला, आणि पेला उलटा करून दाखवला. तिच्या ओठावर पांढरी मिशी आली होती.

"कसं लागतं ताई?" धाकटीने डोळे पुसत विचारलं.

"भयंकर," आत्या म्हणाली, आणि सगळा चेहरा उजळून म्हणाली. "अगदी भयंकर. ना मीठ, ना साखर, जिभेला भिंत चाटल्यासारखं, आणि खाली राहिलेला सगळा गाळ. कुणी बनवलंय हे? त्याला बोलवा इकडे. आणि येताना आणखी एक पेला आणायला सांगा."